पाणी घालताना

काटा उणे सत्तेचाळीसवर.
लेना नदी कधीचीच रस्ता झालीय,
तिच्या पाठीवरून डिझेलचे ट्रक येतात.
दुकानाबाहेर मासे शेपटीवर उभे,
दूध फरशीसारखं, पोत्यात रचलेलं,
आणि गावाच्या टोकाला जनित्रघरात
दोन नंबरचं इंजिन
दुपारपासून गप्प.

तुयारा पंपाला कान लावते.
आवाज आहे. वाहणं नाही.
म्हणजे आहे, पण कसं,
झोपलेल्या माणसाचा हात
कोटाच्या बाहीत घालावा तसं.

पुस्तकात याला श्यानता म्हणतात.
ती तोटीखाली चमचा धरते,
हिरवट थेंब कडेशी येतो, लोंबतो,
जावं की नको असा रेंगाळतो,
आणि पडला तरी मागे एक तार सोडतो.
एकतारी कुठला, दोनतारीच्याही पुढचा पाक.
हाच काल संध्याकाळी
इंजिनाच्या पोटात नव्वद अंशांवर
पाण्याइतका पातळ होता,
शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतींतून
पोरासारखा धावत होता.

भिंतीवर तिनं तक्ता चिकटवलाय,
साठ भाग ग्लायकॉल, चाळीस भाग पाणी.
नव्वदला एक धरा,
शून्याला दहाच्या घरात,
उणे विसाला तीस-पस्तीस,
उणे चाळिसाला शंभराच्याही वर.
आलेखातली रेघ गारठ्याकडे निघते ती आधी चालत,
मग एकदम कडा चढायला लागते.
पण हे साठ-चाळीसचं झालं.
पाइपांत आहे ते ऐंशी-वीस.

ऑक्टोबरात ओतली दोन पिंपं,
बेर्गेन स्पिरिदोनोविचनं, कुणाला न विचारता.
एकोणचाळीस हिवाळे त्याचे या खोलीत.
एका हिवाळ्यात पाइप फुटले होते,
त्याच्या मुली बूट घालून झोपल्या होत्या
सतरा रात्री.
तेव्हापासून त्याचा हात सैल,
थंडी वाढली की औषध वाढवायचं.

"निव्वळ ग्लायकॉल उणे तेरालाच गोठतो," तुयारा म्हणते.
"पाणी त्याला गोठू देत नाही,
तो पाण्याला.
तुम्ही एकालाच भरती केलीत."
म्हातारा तिच्याकडे बघत नाही.
"उणे सत्तेचाळीसला
पाणी घालणार तू?
पाइपात?
पाणी?"

घालणार.
आधी पंपाला नमद्यात गुंडाळून
गरम हवेचा पंखा लावला, दीड तास.
मग तळाची तोटी उघडली.
बादली भरायला इतका वेळ लागला
की दोघांची भांडणं संपली
आणि नवी सुचेनात.
तिनं स्टोव्हवर पातेली चढवली.
पहिलं पातेलं तिनं ओतलं.
दुसरं.
तिसऱ्याला तिचे हात भाजले,
तेव्हा न बोलता त्यानं किटली उचलली,
चहाची, स्वतःची,
आणि नरसाळ्यात रिकामी केली
डोळे मिटून,
जणू कुणाला धक्का देतोय.

काही झालं नाही.
मग बऱ्याच वेळानं पंपाचा सूर बदलला.
कण्हणं होतं ते गुणगुणणं झालं,
अँपिअरचा काटा तांबड्यातून खाली आला,
जरा अडखळला,
आणखी खाली आला.
पहाटे चारला शाळेतून फोन,
शेवटच्या वर्गातला रेडिएटर कोमट आहे.
नुसता कोमट,
पण चौकीदार दोनदा म्हणाला.

तुयारा चमचा धुते.
चहाला पाणी उरलेलं नाही.
बेर्गेन स्पिरिदोनोविच नोंदवही ओढतो,
तारीख घालतो,
लिहितो: पाणी घातलं, चाळीस लिटर.
पुढचा रकाना 'कारण'.
पेन थंडीनं अडलंय.
तो ते बगलेत धरून बसतो,
शाई सुटेपर्यंत.